रद्द नकाशांच्या पाठीवर

मोजणीच्या खात्यात एकोणतीस वर्षं झाली,
रेघेशिवाय दुसरं काही काढलं नव्हतं.
रेघ म्हणजे सरळ, टोकदार, खाली सही.
भाची सुट्टीला आली, बारा वड्यांची रंगपेटी विसरून गेली,
आणि निलंग्याच्या बसस्टँडमागं
भिंतीला टेकून झोपलेला हमाल
मी एका रद्द नकाशाच्या पाठीवर काढला.
तो पोत्यासारखा दिसला. पोतं हमालासारखं.
दोघांना तसंच ठेवलं.

मग दर रविवारी.
म्हशींचे पाय जमेनात,
म्हणून पहिल्या सहा म्हशी मी पाण्यात उभ्या केल्या.
गुरांमागचं पोरगं मागून डोकावलं:
"काका, हे कवाचं काढलालाव?
तेरणेला एवढं पाणी कुठं हाय?"

काळी माती काळी नसते,
हे कळायला काळ्याची अख्खी वडी गेली.
नांगरट ओली असताना तिच्यात वांगं असतं,
वाळली की जुना तवा,
आणि भेगेच्या आत जे असतं
ते माझ्या पेटीत नाही.

एप्रिलात नळ बाराव्या दिवशी.
महानंदा म्हणाली, कुंचला धुवायला एक वाटी,
त्याच्यावर थेंब मागायचा नाही.
एका वाटीत बाजार, भिंत, आभाळ, सगळं उरकायचं,
त्यामुळं त्या उन्हाळ्यातली माझी आभाळं
थोडी विटकरी आहेत.
वाटीतलं उरलेलं कढीपत्त्याला.
त्या झाडानं माझ्यापेक्षा जास्त रंग वापरला.

बेचाळीस अंशांत रंग कागदावर पोचायच्या आत
कुंचल्यातच वाळतो.
घाई करावी लागते. अशाच घाईत एकदा
कासार शिरसीच्या बाजारातली एक फाटकी छत्री
इतकी बरोबर उतरली
की मी घाबरून पुढं काहीच लावलं नाही.
तिच्याखाली कोण बसलं होतं, आता आठवत नाही.

चाँदबी पेरू विकते, तहसीलच्या फाटकापाशी.
तिचा तराजू मी समतोल काढला,
दोन्ही पारडी एका रेघेत. हात सवयीचा.
तिनं कागद लांब धरला, जवळ धरला.
"मी बराबर हाय. पेरू बी बराबर.
पर असं पारडं कुठं असतंय, साहेब?
गिऱ्हाईक समोर असलं की
पेरूकडचं जरा खालीच जातंय."
घरी येऊन खोडायला गेलो, कागद फाटला.
तेवढ्या जागी आता चिकटपट्टी आहे.

येळवशीला हणमंत आणि त्र्यंबक चिल्लरग्यांच्या रानात बसलो.
त्यांचा बांध मी चार वेळा मोजलाय,
चारी वेळा दोघंही नाराज.
कडब्याची कोपी काढली, भज्जीची पातेली, ज्वारी.
कागद जास्त ओला झाला, हिरवा पळाला,
बांध त्याच्यात बुडाला.
मला वाटलं, आता दोघं हसतील.
दोघं वाकून बघत राहिले.
हणमंत म्हणाला, ह्याची बाजू मोठी काढलाव.
त्र्यंबक म्हणाला, ती ज्वारी माझी हाय.
आंबील मात्र दोन्हीकडून आलं.
दोन्हीकडचं प्यालो.

वर्ष भरलं तेव्हा सत्तेचाळीस चित्रं होती.
महानंदानं मोजली. मी सुट्टीच्या दिवशी मोजत नाही.
तिनं त्यातलं म्हशींचं उचललं
आणि स्वयंपाकघराच्या फुटक्या तावदानाला लावलं,
मांजर येतं म्हणून.

सकाळी ऊन मागून आलं
आणि तेरणेच्या पाण्याखालून
गट नंबर एकशे सतरा वर आला,
उलट्या आकड्यांत: विहीर, हद्दीचा दगड, शेजाऱ्याचं नाव,
आणि एका म्हशीच्या पाठीवर माझीच सही,
तेव्हाची, अजून वेलांटी नीट काढणारी.
रेघ अगदी सरळ आहे.
तिसऱ्या म्हशीच्या पोटातून जाते.
अर्धी म्हैस एकाच्या सातबाऱ्यात, अर्धी दुसऱ्याच्या,
आणि ती पाणी पितेय.

मी बघत उभा.
चहा उतू गेला.
महानंदा म्हणाली, "सरका की जरा, उजेड अडलालाय."